सतरावी पायरी

कुओपिओच्या इस्पितळाला रक्ताचे रिपोर्ट पुरवणारी
आम्ही सात माणसं आणि चार सर्व्हर.
सर्व्हरना नावं तळ्यांची.
रायलीनं ठेवलेली, तेवीस वर्षांपूर्वी,
आणि त्या दिवशी म्हणे तिनं केकही आणला होता.
सगळ्यात म्हातारा ओन्की.
त्याचा पंखा कुरकुरला की तिला जिन्यातच कळायचं,
"आज याचं पोट बिघडलंय,"
आणि ती कोट न काढताच आत जायची.

नवं काही चढवायचं ते शुक्रवारी रात्री,
तिच्या निळ्या वहीतल्या एकेचाळीस पायऱ्यांनी.
सतरावी पायरी: थांब.
किती, ते लिहिलेलं नव्हतं.

मग मी आलो एस्पोहून
कंटेनर हा शब्द घेऊन.
भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या.
'बदल' असं मी त्या दिवशी चौदा वेळा म्हणालो
(आर्तुरी मोजत होता).
म्हणालो, पेटी बांधायची,
कुठेही उघडा, आत तेच.
बिघडली तर दुरुस्त करत बसायचं नाही,
टाकायची. दुसरी उभी करायची.

"टाकायची," रायली म्हणाली.
एवढंच. पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही.
आमच्याकडे गप्प बसण्यालाही व्याकरण असतं.
मी इथलाच, तरी चुकलो.
होकार धरून चाललो.

उन्हाळाभर पेट्या बांधल्या.
"माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय,"
हे सेन्याचं पालुपद बंद झालं,
आर्तुरीचं तिच्याशी दर आठवड्याचं भांडण मिटलं
आणि भांडणानंतरची त्यांची कॉफीही.
ते माझ्या कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.

नोव्हेंबरात एका रात्री
ईसाल्मीच्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट कोरे यायला लागले.
पेटी टाकली, दुसरी उभी केली. कोरे.
तिसरी. कोरे.
सगळ्या पेट्या हुबेहूब सारख्या, जसं मी वचन दिलं होतं.
रायलीला बोलवावं असं कुणी म्हणेना,
कारण मीच सांगितलं होतं,
यापुढे कुणाच्या डोक्यावाचून अडता कामा नये.

पावणेतीनला सेन्यानं मला न विचारता फोन केला.

ती आली. बुटांना बर्फ.
पडद्याकडे पाहिलं नाही, आधी विचारलं,
"सतरावी घेतलीत का?"
आम्ही एकमेकांकडे.
"ईसाल्मीचं यंत्र जुनं आहे. हाक मारली की
भानावर यायला त्याला नऊ सेकंद लागतात.
घाई केली की ते कोरा कागद देतं.
तुम्ही नाही का देणार?"

सेन्या खुर्चीवरून उठली.
रायली बसली. एका बोटानं टंकत
पेटीच्या कृतीत तिनं एक ओळ घातली: थांब, नऊ.
खाली कारण लिहिलं.
त्याच्याखाली, जे तिथे कधीच कुणी लिहीत नाही:
'शंका असेल तर हिल्क्काला विचारा, सकाळी सातनंतर,
ती आधी कुत्र्याला फिरवते.'
मी ते खोडायला सांगणार होतो.
बरं झालं, गप्प बसलो.

वही महिनाभर सेन्याच्या टेबलावर होती.
कुठल्या पानावर जॅमचा डाग,
कुठे नुसतंच 'अरे देवा', तारखेसह.

मार्चमध्ये ओन्की बंद केला.
वायर तिनंच उपटली, धूळ पुसली,
बंद यंत्राची धूळ.
मग आर्तुरीनं तिला पडद्यावर दाखवलं,
एक पेटी मेली, चार सेकंदांत दुसरी उभी.
"हिचं नाव काय?"
त्यानं आकड्याअक्षरांची लांबलचक माळ वाचली.
"बारशाला कोणी नव्हतं वाटतं," ती म्हणाली,
आणि हसली, थोडंसं, नाकातून.

शुक्रवारी आता काही होत नाही.
पाचला ती कोट चढवते,
त्या रिकाम्या खोलीच्या दाराशी थांबते.
मी आपला मनात मोजू लागतो.
सातपर्यंत येतो
तोवर ती गेलेली असते.